एअर फ्रायरमधले कुरकुरीत बेकन : बटणावरच्या २०० अंशांपेक्षा १८० अंश बरे

गेले आठ महिने मी एअर फ्रायर वापरते आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा तो बेकनसाठीच चालू झाला आहे. त्यामुळे हे परीक्षण यंत्राच्या साऱ्या गुणदोषांचे नाही. बेकनच्या पट्ट्या त्यात मनासारख्या कुरकुरीत होतात का, आणि होत असतील तर काय केल्यावर होतात, एवढ्यापुरतेच ते आहे. उत्तर आधीच देते : होतात, आणि बहुतेक वेळा तव्यावरच्यापेक्षा सरस होतात, मात्र यंत्रावर बेकनचे चित्र असलेले जे बटण आहे, ते दाबून होत नाहीत.

कुरकुरीत कशाला म्हणायचे याबद्दल प्रत्येकाची कल्पना वेगळी असते, म्हणून माझी कसोटी सांगून ठेवते. तयार पट्टी चिमट्याने एका टोकाला धरून आडवी उचलली, तर दुसरे टोक खाली लोंबता कामा नये. मोडताना ती रबरासारखी ताणली न जाता कोरडा, बारीक आवाज करून तुटली पाहिजे. कच्च्या पट्टीत दुधासारखा पांढरा दिसणारा चरबीचा भाग सोनेरी होऊन त्यावर बारीक फोड आलेले दिसावेत. मांसाचा भाग विटकरी तांबूस व्हावा, पण कडा काळ्या पडू नयेत. तोंडात टाकल्यावर पहिल्याच चाव्याला तिचा चुरा व्हावा आणि जिभेवर ओशट थर राहू नये. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे, कारण पट्टी वरून कडक झाली तरी आतली चरबी न सुटता तशीच राहू शकते, आणि अशी पट्टी गरम असताना बरी लागली तरी दहा मिनिटांत वातड होते.

माझे यंत्र ४ लिटरचे, १,५०० वॅटचे आणि पुढून ओढून काढायच्या टोपलीचे आहे. वरच्या बाजूला तापणारी कॉइल आणि पंखा, खाली भोके असलेली टोपली आणि टोपलीखाली निथळलेली चरबी साठवणारा खण, एवढीच त्याची रचना आहे. नावात 'फ्रायर' असले तरी त्यात तळणे असे काही घडत नाही. गरम हवा वेगाने फिरवणारा तो एक लहान ओव्हन आहे. फ्रेड फान डेर वेय या डच संशोधकाने विकसित केलेले हे तंत्र फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात एअर फ्रायर म्हणून लोकांपुढे ठेवले, तेव्हा चमचाभर तेलात बटाट्याचे काप कुरकुरीत होतात हे त्याचे मुख्य आकर्षण होते. बेकनला तर तो चमचाभरही लागत नाही, कारण लागेल त्याच्या कितीतरी पट चरबी पट्टीतच असते. म्हणूनच या यंत्रात करण्याजोग्या पदार्थांमध्ये बेकन मला सर्वांत स्वाभाविक वाटते : चरबी सुटते, भोकांतून खाली जाते आणि पट्टी स्वतःच्या चरबीत डुंबत न राहता कोरड्या, फिरत्या हवेत भाजली जाते.

पहिल्या दिवशी मी पुस्तिकेवर विसंबून बेकनचे बटण दाबले. यंत्राने आपणहून २०० अंश सेल्सिअस आणि १० मिनिटे अशी वेळ लावली. सहाव्या मिनिटाला मागच्या झरोक्यातून निळसर धूर येऊ लागला आणि आठव्या मिनिटाला करपल्याचा वास आल्यावर मी टोपली बाहेर ओढली. पट्ट्यांच्या कडा कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या, मधला मांसाचा भाग तपकिरी आणि कोरडा होता, पण जिथे चरबीचा पट्टा रुंद होता तिथे ती अजून पांढरट, पारदर्शक आणि मऊ होती. एकाच पट्टीत करपलेले आणि कच्चे असे दोन्ही भाग होते. दुसऱ्या दिवशी वेळ दोन मिनिटांनी कमी करून पाहिली. करपणे थांबले, पण मऊ चरबी वाढली. तेव्हा चूक वेळेत नसून तापमानात आहे हे माझ्या लक्षात आले.

असे का होते हे पट्टीच्या घडणीवरून कळते. आपण ज्याला सर्वसाधारणपणे बेकन म्हणतो ते डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे, मीठ व सोडियम नायट्राइट लावून मुरवलेले आणि बहुधा धुरी दिलेले असते. त्यात मांसाचे आणि चरबीचे पट्टे आलटून पालटून असतात आणि या दोन भागांची उष्णतेपुढची वागणूक अगदी निराळी असते. मांसात पाणी असते, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. ते पाणी आटले की तापमान झपाट्याने वाढते, साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिने आणि शर्करा यांच्यात ती प्रक्रिया वेगाने सुरू होते जिचे वर्णन लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रथम केले, आणि खमंग वास व तांबूस रंग येतो. त्याच तापमानाला मांस आणखी काही वेळ राहिले की ते करपते. चरबीचे तसे नाही. ती लहान लहान पेशींमध्ये, संयोजक ऊतींच्या जाळीत बंदिस्त असते. नुसती वितळायला तिला फार उष्णता लागत नाही, पण जाळी सैल होऊन ती बाहेर पडायला आणि मागे राहिलेले आवरण कोरडे, ठिसूळ व्हायला वेळ लागतो. थोडक्यात, मांसाला तापमान हवे असते आणि चरबीला वेळ. २०० अंशांना फिरत्या हवेत मांसातले पाणी इतक्या लवकर उडून जाते की चरबी सुटण्याच्या मध्यावरच मांस करपायला लागते. कॉइल वर असल्यामुळे आकसून उंच झालेल्या कडांना तर तिची थेट धगही लागते, आणि म्हणून काळेपणा नेहमी कडांपासून सुरू होतो.

त्यानंतर मी एकाच पाकिटातल्या पट्ट्या वेगवेगळ्या तापमानांना करून पाहिल्या. १६० अंशांना चरबी अगदी पूर्ण सुटली, पण त्यासाठी १८ मिनिटे लागली आणि तोवर मांस तांबूस होण्याऐवजी वाळून लाकडासारखे टणक झाले. चावताना कुरकुर होती, पण खमंगपणा नव्हता. १९० अंशांना पातळ पट्ट्या चांगल्या झाल्या, परंतु तयार होणे आणि करपणे यांच्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाचे अंतर उरले, आणि सकाळच्या घाईत अर्ध्या मिनिटावर नजर ठेवणे जमत नाही. १८० अंशांना मात्र ११ मिनिटांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या : चरबी सोनेरी आणि हलकी, मांस विटकरी आणि खुसखुशीत. शिवाय एखादे मिनिट इकडेतिकडे झाले तरी पट्टी वाया जात नाही. तेव्हापासून १८० अंश हेच माझे तापमान आहे, आणि हे परीक्षण वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर तीच ठेवावी अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता कृती. यंत्र आधी तापवून ठेवू नये. थंड टोपलीत थंड पट्ट्या मांडून मगच ते चालू करावे, म्हणजे तापमान चढत असताना चरबीला सुटायला सुरुवातीची दोन-तीन मिनिटे मिळतात. तव्यावर बेकन करणारे अनुभवी लोक थंड तव्यापासून सुरुवात करतात ती याच कारणासाठी. माझ्या टोपलीत पूर्ण लांबीची पट्टी आडवी मावत नाही, म्हणून ४ पट्ट्या कात्रीने मधोमध कापून मी त्यांचे ८ तुकडे करते. मांडताना कडा किंचित एकमेकांवर आल्या तरी चालते, कारण पट्ट्या आकसतात आणि चार मिनिटांत आपोआप सुट्या होतात. एकावर एक थर मात्र देऊ नये, कारण खालच्या थरापर्यंत हवा पोहोचत नाही आणि तो वाफेवर शिजल्यासारखा मऊ राहतो. सातव्या मिनिटाला टोपली ओढून तुकडे उलटावेत. या क्षणी ते निराशाजनक दिसतात : फिके, आकसलेले, चरबीने चकाकणारे, मध्ये पांढरट फेस साचलेला. तो फेस म्हणजे मांसातून बाहेर आलेली आणि उष्णतेने गोठलेली प्रथिने असतात. त्यात वाईट काही नाही, पण ज्या बेकनमध्ये खारे पाणी टोचून भरलेले असते त्यात तो जास्त येतो आणि अशा पट्ट्यांना एक-दोन मिनिटे अधिक लागतात.

उलटल्यानंतरची चार मिनिटे महत्त्वाची असतात. नवव्या मिनिटापर्यंत आतून चुर्र असा ओला, भरीव आवाज येत असतो. पाणी संपत आले की तो पातळ होतो, मग तुटक तडतड ऐकू येते आणि शेवटी जवळजवळ शांत होतो. पंख्याच्या घरघरीतून हा फरक ऐकायला कान थोडा सरावावा लागतो, पण एकदा सरावला की घड्याळापेक्षा तोच अधिक भरवशाचा ठरतो. रंगावर मात्र एकट्या विसंबू नये. नायट्राइटमुळे बेकनचा लालसर रंग शिजल्यावरही टिकून राहतो, त्यामुळे पूर्ण शिजलेली पट्टी कच्ची वाटते आणि आपण ती आणखी दोन मिनिटे ठेवून बिघडवतो. चरबीकडे पाहावे. ती पांढरी असेल तर थांबावे, सोनेरी असेल तर काढावे.

काढल्याबरोबर पट्टी कुरकुरीत नसते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि चांगले बेकन बिघडण्याचे ते फार मोठे कारण आहे. टोपलीतून निघालेली पट्टी वाकते, कारण तिच्यातली चरबी अजून द्रव असते आणि वाफ बाहेर पडत असते. कडकपणा येतो तो थंड होताना. म्हणून पट्ट्या आधी मिनिटभर तारेच्या जाळीवर ठेवाव्यात, म्हणजे वाफ खालूनही निघून जाते, आणि मग स्वयंपाकघरातल्या टिपकागदावर घेऊन वरची चरबी टिपून घ्यावी. थेट ताटलीत ठेवल्या तर खालच्या बाजूला वाफेचे पाणी जमते आणि अकरा मिनिटांत मिळवलेले दोन मिनिटांत जाते. माझ्या घरी जाळीवरच्या पट्ट्यांकडे हात आधीच वळतात, पण ही दोन मिनिटे मी कुणालाही तडजोड करू देत नाही.

एकदा मी वजन करून पाहिले. ४ कच्च्या पट्ट्या ११२ ग्रॅमच्या होत्या; तयार झाल्यावर त्या ३८ ग्रॅम भरल्या आणि खणात २९ ग्रॅम चरबी निघाली. उरलेले बहुतांश पाणी वाफ होऊन गेले असणार. म्हणजे हाती आलेला पदार्थ मूळच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा. हे ऐकून तोटा वाटण्याचे कारण नाही, तव्यावरही असेच होते. फक्त तिथे सुटलेली चरबी पट्टीभोवती राहते आणि इथे ती आपल्या डोळ्यांदेखत वेगळी झालेली दिसते. किती पट्ट्या लावायच्या याचा अंदाज बांधताना हा हिशेब उपयोगी पडतो, कारण कच्च्या पट्ट्यांनी भरगच्च दिसणारी टोपली तयार झाल्यावर एका माणसाच्या न्याहारीइतकीच उरते.

यंत्राची एक अडचण मला दुसऱ्या आठवड्यात कळली. पट्ट्या हलक्या होत गेल्या की पंख्याच्या झोताने त्यांची टोके उचलली जातात, आणि एकदा एक पातळ तुकडा पूर्ण उडून वरच्या कॉइलला जाऊन चिकटला. करपल्याचा वास कुठून येतो आहे हे टोपली पाहून कळेना. यंत्र बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर उलटे करून पाहिले तेव्हा तो सापडला. त्यानंतर मी यंत्रासोबत आलेली छोटी तारेची जाळी पट्ट्यांवर पालथी ठेवते. त्यामुळे तुकडे जागेवर राहतात, सपाट होतात आणि कडा कॉइलकडे वळत नाहीत, हा अधिकचा फायदा. अशी जाळी नसेल तर पट्ट्यांची टोके एकमेकींखाली किंचित खोचली तरी काम भागते. टोपलीत बेकिंग पेपर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बेकनसाठी तो मला पटत नाही : कागद भोके झाकतो, चरबी त्यावर साचते, पट्ट्या तिच्यातच शिजतात, आणि मोकळा कागद उडून कॉइलला लागला तर तो पेटू शकतो. यंत्र रिकामे तापवताना तर कागद कधीच आत ठेवू नये.

धुराचा प्रश्न हा या पद्धतीवरचा सर्वांत रास्त आक्षेप आहे, आणि तो तापमान कमी केल्यावर बराचसा सुटतो. डुकराची शुद्ध चरबी साधारण १९० अंशांच्या आसपास धुरायला लागते, आणि तिच्यात मांसाचे कण, मीठ, साखर मिसळलेली असली की त्याच्या आधीच. २०० अंश लावणे म्हणजे धुराला आमंत्रण देणे. १८० अंशांनाही खणात साचलेला पातळ थर कधीकधी धुरतो, म्हणून मी सुरुवातीलाच टोपलीखालच्या खणात दोन-तीन मोठे चमचे पाणी घालते. टपकणारी चरबी पाण्यावर पडते आणि तिचे तापमान चढत नाही. हे पाणी यंत्र चालू करण्याआधीच घालायचे असते. खणात गरम चरबी असताना वरून पाणी ओतले तर ती उसळून हातावर येते. काही यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये खणात पाणी घालायला मनाई केलेली असते, तेव्हा आधी ते पाहून घ्यावे. दुसरी खेप लावण्यापूर्वी खण रिकामा करावा. धुराचे निम्मे प्रसंग दुसऱ्या खेपेलाच येतात. यंत्र तापलेले असल्याने दुसऱ्या खेपेला दोन मिनिटे कमी लागतात, आणि पहिलीचीच वेळ लावून दूर गेले की पट्ट्या हमखास करपतात.

बेकनच्या प्रकारानुसार निकाल पुष्कळ बदलतो. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, मांस आणि चरबी सारखी असलेल्या पोटाकडच्या पट्ट्या या यंत्रासाठी सर्वांत योग्य आहेत. वरची सर्व गणिते त्यांचीच आहेत. तीन मिलिमीटरच्या जाड पट्ट्यांना १४ ते १५ मिनिटे लागतात आणि त्या कडांना कुरकुरीत, मध्ये मात्र थोड्या चिवट राहतात. काहींना तेच आवडते, पण माझ्या कसोटीला त्या उतरत नाहीत. पाठीकडच्या मांसाचे बेकन मला या यंत्रात आवडले नाही. त्यात चरबी कडेला असते आणि मधला मोठा मांसाचा भाग फिरत्या हवेत नुसता सुकतो. त्याला तवाच बरा. टर्कीच्या बेकनमध्ये चरबी थोडी असल्याने त्याला वरून तेलाचे बोट लावावे लागते. ते कडक होते, पण त्याला बेकनसारखा चुरचुरीतपणा येत नाही. साखर, मध किंवा मेपलचा पाक लावून मुरवलेल्या पट्ट्या १८० अंशांनाही लवकर काळवंडतात, त्यांना १७० अंश आणि अधिक लक्ष द्यावे. मीठ चोळून कोरड्या पद्धतीने मुरवलेले बेकन मिळाले तर मात्र आवर्जून करून पाहावे : त्यात पाणी कमी असते, फेस जवळजवळ येत नाही, आणि दहाव्या मिनिटालाच ती कुरकुर येते जी एरवी अकराव्या-बाराव्या मिनिटाला येते.

तव्याशी तुलना अपरिहार्य आहे, कारण बहुतेकांकडे तवा आहेच. तव्यावर पट्टी आपल्या डोळ्यांसमोर असते, हवी तिथे दाबता येते, आणि चरबीत भाजल्यामुळे तिला जो गडद, भरीव खमंगपणा येतो तो एअर फ्रायरमध्ये थोडा कमी पडतो. हे मी मान्य करते. पण तव्यावर पट्टी आकसून कमान होते, कमानीचा मधला भाग तव्याला टेकतच नाही, आणि चरबीचे शिंतोडे शेगडीवर, भिंतीवर, हातावर उडतात. एअर फ्रायरमध्ये पट्टी सर्वत्र सारखी होते आणि शिंतोडे आतच राहतात. ओव्हनमध्ये २०० अंशांना मोठ्या ट्रेमध्ये जाळीवर मांडून १५ ते २० मिनिटांत एकदम बारा-पंधरा पट्ट्या होतात, आणि त्या फार सुंदर होतात. चार-पाच माणसांसाठी करायचे असेल तर मी आजही ओव्हनच लावते, कारण एअर फ्रायरमध्ये तेवढ्याच पट्ट्यांसाठी तीन-चार खेपा होतात आणि शेवटची खेप निघेपर्यंत पहिली थंड झालेली असते. एक-दोन माणसांसाठी मात्र मोठा ओव्हन तापवणे उधळपट्टीच आहे. माझे यंत्र १२ मिनिटे पूर्ण क्षमतेने चालले तरी ०.३ किलोवॅट-तासांपेक्षा जास्त वीज घेत नाही. मायक्रोवेव्हमध्ये टिपकागदाच्या घड्यांत ठेवून पट्ट्या लवकर कडक होतात, पण त्यांना भाजल्याचा वास नसतो.

साफसफाईबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण यंत्र टिकते की नाही हे त्यावर ठरते. खणातली चरबी कोमट असतानाच गाळून घ्यावी. मी पाणी घातलेले असते म्हणून ती काचेच्या भांड्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवते. वर पांढरा थर घट्ट झाला की तो उचलून घेते आणि खालचे पाणी टाकून देते. ही चरबी बटाटे परतायला किंवा अंडी करायला उत्तम, फक्त ती खारट असते हे लक्षात ठेवून मीठ कमी घालावे. मोरीत मात्र ती कधीही ओतू नये. नळीत थंड होऊन गोठते आणि पाणी तुंबते. टोपलीच्या भोकांत राहिलेला चिकटा गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण यांत अर्धा तास भिजला की मऊ ब्रशने निघतो. वरची कॉइल महिन्यातून एकदा, यंत्र पूर्ण थंड असताना, ओल्या फडक्याने पुसावी, नाहीतर तिच्यावर साचलेली चरबी प्रत्येक वेळी धुरते आणि पुढच्या सगळ्या पदार्थांना बेकनचा शिळा वास येतो.

याच बाबतीत माझी यंत्राबद्दलची खरी तक्रार आहे. टोपलीवरचा न चिकटणारा थर पाचव्या महिन्यात भोकांच्या कडांना सुटायला लागला. मी पट्ट्या उलटायला सुरुवातीला स्टीलचा चिमटा वापरत होते आणि त्याचे ओरखडे पडले हे खरे, पण लाकडी चिमटा घेतल्यावरही थर जात राहिला. विक्रीनंतरच्या सेवेने टोपली ही झिजणारी वस्तू असल्याने हमीत बसत नाही असे उत्तर दिले. ज्या यंत्राच्या खोक्यावर बेकनचे चित्र छापलेले आहे त्याची टोपली बेकनच्या नेहमीच्या वापरात वर्षभरही टिकू नये, हे मला मान्य नाही. पर्याय म्हणून मी आता टोपलीत स्टीलची सुटी जाळी ठेवून तिच्यावर पट्ट्या मांडते; त्यामुळे एक मिनिट जास्त लागते, पण थराला काही लागत नाही. आणखी दोन दोष लहान आहेत. यंत्राला काचेची खिडकी नाही, त्यामुळे चरबीचा रंग पाहायला टोपली ओढावी लागते आणि दर वेळी उष्णता बाहेर जाते. आणि तापमान दहा-दहा अंशांनीच बदलते. १७५ किंवा १८५ अंश लावता आले असते तर जाड पट्ट्यांसाठी मला अधिक प्रयोग करता आले असते.

एक गोष्ट आरोग्याच्या दाव्याबद्दल. चरबी निथळून जाते हे खरे आहे, आणि तव्यावर स्वतःच्या चरबीत राहिलेल्या पट्टीपेक्षा ही पट्टी कमी ओशट असते हेही खरे आहे. पण मीठ आणि नायट्राइट पट्टीतच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला, आणि यंत्र बदलल्याने ते वर्गीकरण बदलत नाही. नायट्राइट लावलेले मांस फार तापल्यावर आणि करपल्यावर त्यात नायट्रोसअमाइन नावाची घातक संयुगे अधिक तयार होतात, म्हणून काळ्या पडलेल्या कडा मी खात नाही, कापून टाकते. १८० अंशांच्या बाजूने हेही एक कारण आहे. आमच्याकडे बेकन आठवड्यातून एकदा होते, आणि ते एकदाच होत असल्याने नीट व्हावे असा माझा आग्रह असतो.

एकट्यादुकट्या माणसाने किंवा दोघांनी, पातळ-मध्यम जाडीच्या पट्ट्यांसाठी हे यंत्र घ्यावे. चारपेक्षा जास्त माणसे आणि जाड पट्ट्या असतील तर असलेल्या ओव्हनमध्येच एक तारेची जाळी घ्यावी. घेताना टोपली स्टीलची आहे का, ती सुटी विकत मिळते का, दाराला काच आहे का आणि तापमान पाच-पाच अंशांनी बदलता येते का, हे दुकानातच विचारावे. माझी सध्याची टोपली आणखी चार-सहा महिने चालेल असे दिसते. तोवर जाड पट्ट्यांसाठी १७० अंशांना दहा मिनिटे आणि मग १९० अंशांना तीन मिनिटे असा दोन टप्प्यांचा प्रयोग चालू आहे. परवाच्या खेपेत आठपैकी पाच तुकडे टोकाला धरल्यावर सरळ राहिले.